पावणेचार मीटर नळी

१९ जानेवारी, सोमवार

आजपासून माझ्याकडे दोन वह्या झाल्या. एक यज्ञेश्वर सरांनी दिली, निळ्या पुठ्ठ्याची. विमानाला कोणी कुठं हात लावला ते तिच्यात लिहायचं आणि रोज सही करायची. सर म्हणाले, "चन्नवीर, नटाला नुसता पाना लावलात तरी लिहा. न लिहिलेल्या कामाची मला भीती वाटते." दुसरी वही ही. पंपाच्या एजंटानं दिवाळीला दिलेली, तशीच पडून होती. निळ्या वहीत काम जाईल, हिच्यात कानावर पडलेलं.

काम असं आहे. पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं छोटं, दोन पंख्यांचं विमान होटगी रोडच्या विमानतळावर आलंय. तीन आठवडे मुक्काम. आत दोन यंत्रं बसवायची. दोन्ही एकच गोष्ट मोजतात. गाड्यांच्या, बॉयलरच्या, उसाचं पाचट पेटवल्यावरच्या धुरातून नायट्रोजन ऑक्साइड नावाचा वायू हवेत जातो, तो वर किती आहे ते. एक यंत्र परदेशातून आणलेलं. ते अनिमेष सांभाळतो, नागपूरचा, तोंडानं फटकळ पण मनानं मोकळा. दुसरं भार्गवीबाईंनी स्वतः बांधलेलं, चार वर्षं खपून. वेळापूरच्या मास्तरांची मुलगी. वय माझ्या लेकीएवढं असेल, पण यंत्राजवळ उभी राहिली की मीच आपोआप "बाई" म्हणतो.

दोन्ही यंत्रांनी एकाच वेळी एकच हवा घ्यायची. आकडे जुळले, म्हणजे शंभरात पाचाच्या आत फरक राहिला, तर बाईंचं यंत्र एप्रिल-मेमध्ये वळवाच्या ढगांत जाणाऱ्या मोठ्या मोहिमेला विमानात बसणार. नाही जुळले तर ती जागा दुसऱ्या कुणाच्या डब्याला. विमानात जागा दोन फुटांची, पण चार वर्षं त्या दोन फुटांसाठीच गेलीत, असं बाई हसत हसत म्हणाल्या. हसू काही खरं नव्हतं.

आकडे एकमेकांना दाखवायला बंदी. विमान उतरलं की दोघांनी आपापला कागद पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवायचं आणि सरांच्या हातात द्यायचं. सरांचं स्वतःचं यंत्र नाही, ते पंच.

पंप, नळ्या, यंत्रं ठेवायच्या लोखंडी चौकटी आणि जमिनीवरची वीज माझ्याकडे. हे नीट पार पडलं तर एप्रिलचं कामही मिळेल. बायकोला, दाक्षायणीला, अजून बोललो नाही. आधी सांगितलं की ती पाहुण्यारावळ्यांत सांगून मोकळी होते.

काल बाईंच्या पंपाला कान लावला. एकसारखा, धाप नाही, खरखर नाही. दहावीनंतर चौदा वर्षं मी यंत्रमागांवर जॉबर होतो, म्हणजे माग दुरुस्त करणारा. माग बंद पडला की बाकीचे तेलाची बुधली शोधायचे, मी कान लावायचो. आज स्वतःचं वर्कशॉप आहे ते त्या कानांवर.

२१ जानेवारी, बुधवार

दोन्ही यंत्रं चढवली.

विमानाच्या टपावर एक चोच आहे, बाहेरची हवा तिच्यातून आत येते. तिथून दोन दुधी नळ्या, टेफ्लॉनच्या, एकेका यंत्राला. अनिमेषचं यंत्र पार शेपटाकडे, म्हणून त्याची नळी लांब आणि सरळ. बाईंचं यंत्र चोचीच्या जवळजवळ खालीच, तरी नळी तेवढीच लांब. उरलेली सगळी मागे वेटोळं करून टेपनं बांधलेली. पुण्यात घाईघाईत बांधलं असणार.

मागावर चौदा वर्षं काढलेल्या माणसाला ढिलं काही बघवत नाही. ढिला धागा म्हणजे तुटणारा धागा. बाई गॅसच्या सिलिंडरच्या कागदांसाठी ऑफिसात गेल्या होत्या. मी वेटोळं सोडलं, नळी मापात कापली, जोड घट्ट केला, साबणाचं पाणी लावून पाहिलं. एक बुडबुडा नाही. असं काम बघितलं की मलाच बरं वाटतं. उरलेला तुकडा चांगला होता, टाकवेना. गाडीत ठेवला.

तासाभरात विमानाचे तपासनीस आले. मागचा पत्रा लावून घेतला आणि स्क्रूंवर लाल ठिपके दिले. आता त्यांच्या सहीशिवाय तो उघडायचा नाही. बाई आल्या तेव्हा सगळं बंद.

"अण्णा, झालं पण?"

"झालं की."

"तुमच्यासारखा माणूस पुण्यात नाही हो मिळत."

निळ्या वहीत काय लिहावं, थोडा थबकलो. नळी नीटनेटकी केली, एवढंच ना. मूळ सामानात फरक काही नाही. "बदल नाही" लिहिलं, सही केली.

२४ जानेवारी, शनिवार

पहिलं उड्डाण. निघण्याआधी सिलिंडरमधला मोजून भरलेला वायू चोचीत सोडून बघतात. दोन्ही यंत्रांचा आकडा सारखा, दशांशासकट. हे एवढं सगळ्यांसमक्ष करतात. सरांनी मान हलवली. बाईंनी माझ्याकडे बघून अंगठा दाखवला.

विमान पंढरपुराकडून श्रीपूरच्या कारखान्याच्या धुराड्यावरून गेलं आणि करकंबला वळून परत आलं. उसाचं गाळप जोरात आहे, त्यामुळे धूर भरपूर. उतरल्यावर रावजीच्या चहाच्या गाड्यावर सगळे जमले. हा रावजी विमानतळाच्या फाटकाबाहेर बसतो आणि आतलं सगळं त्याला ठाऊक असतं.

अनिमेष म्हणाला, "अण्णा, हिच्या यंत्राला नाक आहे हो. धुरात शिरलो की हिची रेघ आधी उडते. माझी तीन-चार सेकंदांनी."

"तुझं परदेशातून आलंय ना," बाई म्हणाल्या, "झोप पुरी झाली नसेल त्याची."

रावजी म्हणाला, "बाई, आपल्या हितल्या वस्तूला हितला धूर वळखीचा असतोय की."

सगळे हसले. मला आतून अभिमान वाटला, जणू यंत्र मीच बांधलंय.

२८ जानेवारी, बुधवार

तीन उड्डाणं झाली. आज सरांनी पाकिटं फोडली.

दोघांना बोलावून एवढंच म्हणाले, "फरक मर्यादेबाहेर आहे. कुणाचा जास्त, कुणाचा कमी, मी सांगणार नाही. दोघांनी आपापलं यंत्र तपासा."

दोघांनी म्हणाले, पण हँगरमधल्या प्रत्येकानं बघितलं बाईंकडेच. अनिमेषनंसुद्धा, आणि मग तो खाली बघायला लागला.

मी पत्र्याच्या भिंतीपलीकडे जनरेटरचं तेल बघत होतो. सर अलीकडे फोनवर. हळू बोलत होते, पण माझ्या कानाला हळू म्हणजे काय. "सकाळच्या उड्डाणात तीन टक्के, चालण्यासारखं आहे. दुपारच्यात नऊ, दहा. तिचं जास्त. घरी बांधलेलं यंत्र, उन्हात तापत असणार. अजून दोन उड्डाणं बघतो, मग उतरवावं लागेल."

हे बाईंना सांगायचं नाही, नियम आहे. नाही सांगितलं. पण तापण्याचं तेवढं बोललो, माझा अंदाज म्हणून. त्यांनी पटकन मान डोलावली. त्यांच्याही मनात तेच होतं.

३० जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस बाईंच्या यंत्राला गारवा करण्यात गेले. पुढच्या बाजूनं जाळी कापली, लहान पंखा बसवला, वर पत्र्याची पडवी केली. निळ्या वहीत हे सगळं लिहिलं, पडवीची लांबी-रुंदीसुद्धा. सर वाचून म्हणाले, "शाबास. असं लिहायचं."

आज दुपारी उड्डाण. यंत्र आत गार राहिलं, थर्मामीटरनं दाखवलं. संध्याकाळी सरांनी पाकिटं फोडली आणि काही न बोलता निघून गेले. त्यावरून सगळं कळलं.

रावजी म्हणाला, "आण्णा, बाईंचा डबा तापतोय म्हणं? आमच्या म्हशीवानी पाणी मारा की त्येच्यावर."

मी म्हणालो, "तुझ्या चहात आधी दूध मार."

पण बाई हसल्या नाहीत. जनरेटरच्या सावलीत बसून होत्या, डबा उघडलेला, जेवण तसंच. विमानातून फिरून पोट बिघडत असेल. रविवारी घरी जेवायला या म्हटलं. दाक्षायणीच्या हातची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खाल्ली की माणूस उठून बसतो.

१ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

बाई दुपारी आल्या. दाक्षायणीनं पाट मांडला, हुग्गी वाढली, शेंगाचटणी, कडक भाकरी. "बाई, आमटीत भिजवून खावा, नायतर दात जातील," म्हणाली. बाई जेवल्या, पण बोलताना मध्येच थांबायच्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अण्णा, मी सगळं बदलून पाहिलं. आतला दिवा बदलला, पंखा लावला, गॅस पुन्हा तपासला. दोन्ही यंत्रांमध्ये एकच गोष्ट सारखी आहे याची मला खात्री आहे, ती म्हणजे नळी. पाच-पाच मीटर, मी स्वतः मोजून कापल्यात."

मी विचारलं, "नळीनं काय होतंय? हवा ती हवाच की."

"नाही ना. आम्ही जो वायू मोजतो तो कच्चा आहे असं समजा. हवेत ओझोन असतो. नळीतून येता येताच ओझोन त्यातला थोडा पिकवून टाकतो. पिकलेला आमच्या यंत्राला दिसत नाही. नळी जितकी लांब, तितका वेळ जास्त, तितका कच्चा कमी. म्हणून दोघांना सारखी लांबी दिली, म्हणजे जे नुकसान होईल ते दोघांचं सारखं."

माझा घास तोंडातच राहिला. तरी विचारलं, "मग जमिनीवर बघता तेव्हा?"

"सिलिंडरच्या गॅसमध्ये ओझोन नसतो. तिथं नळी केवढीही असली तरी आकडा तोच."

"आणि दुपारी?"

"दुपारी उन्हानं ओझोन वाढतो. का हो?"

"काही नाही. सहज."

दुपारचं का विचारलं हे त्यांना कळलं नाही, कारण दुपारचं त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. मला मात्र सरांचा तो फोन आठवला, दुपारी नऊ-दहा टक्के. आणि तेवढ्यात दाक्षायणी परसातून ओरडली, "अहो, टाकीत ती पांढरी नळी घालून ठेवलीय, जरा तोंडानं पाणी ओढून द्या की! माझ्यानं येत नाय."

"मी ओढून देऊ?" म्हणत बाई उठल्यासुद्धा.

"नको, बसा तुम्ही!" मी इतक्या जोरात ओरडलो की दाक्षायणी दारात येऊन बघायला लागली. परसात गेलो, गाडीतून तिनं काढून घेतलेली ती नळी टाकीतून उपसली, गुंडाळली आणि कोळशाच्या पोत्यामागे टाकली. बाई हात धुवायला मागे आल्या तर? एखाद्या चोरासारखा मी पोत्यापुढे उभा राहिलो. स्वतःच्या परसात.

त्या गेल्यावर मोजली. तीन मीटर पंच्याहत्तर. म्हणजे विमानात बाईंच्या वाट्याला सव्वा मीटर राहिली.

दाक्षायणी म्हणाली, "नळी कुणाची हाय?"

"कामावरची."

"मग परत नेऊन द्या की. त्यात एवढं दडवायचं काय?"

२ फेब्रुवारी, सोमवार

नाही सांगितलं.

दिवसभर मनाशी वाटाघाटी केल्या. तपासनिसांना काहीतरी निमित्त सांगून पत्रा उघडता येईल. म्हणता येईल, जोड पुन्हा आवळायचाय. नवी पाच मीटर नळी वर्कशॉपमध्ये आहे. अर्ध्या तासाचं काम. पुढच्या उड्डाणात आकडे जुळतील, सर म्हणतील पंख्याचा गुण आला. एप्रिलचं काम मला. बाईंचं यंत्र बसेल. कुणाचं काय गेलं?

हे सगळं इतकं व्यवस्थित बसत होतं की दुपारी मी पाना घेऊन निघालोही.

पण कान घात करतात. सर तपासनिसांशी बोलत होते. "बुधवारी सकाळी मोहिमेच्या समितीला कळवायचंय. चार उड्डाणांपैकी तीन मर्यादेबाहेर. एखादं उड्डाण अचानक जुळलं तरी उपयोग नाही, उलट संशय वाढेल. कारण न कळता सुधारणारं यंत्र मला वाईट यंत्रापेक्षा धोक्याचं वाटतं."

पाना पेटीत ठेवला. म्हणजे गुपचूप दुरुस्त केलं तर बाईंचं आणखीच वाईट. तोंड उघडल्याशिवाय मार्ग नाही.

आणि तोंड उघडलं तर निळी वही आहे. "बदल नाही," चन्नवीर, सही. चूक एक वेळ चालेल. सहीचं काय करू? चाळीस वर्षांत माझ्या कामाला कुणी खोटं म्हटलेलं नाही. आता मीच लिहून दिलंय.

सांगेन म्हणतो. उद्या. की परवा पहाटे? नाही, उद्याच.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी आठला गेलो. नळीचं वेटोळं पिशवीत. सर, बाई, अनिमेष तिघं टेबलाशी होते. बाई लॅपटॉपवर काही लिहीत होत्या. मी पिशवी टेबलावर रिकामी केली.

"ही बाईंच्या नळीतली. एकवीस तारखेला मी कापली. ढिली दिसली म्हणून. वहीत लिहिली नाही. 'बदल नाही' लिहिलं, ते खोटं आहे."

 बाईंनी नळीला हात लावला, टोक बघितलं. स्वतःच्या हातचा काप त्यांना ओळखता आला असावा.

"किती?"

"पावणेचार मीटर."

"अण्णा, तुम्ही..." त्यांचा आवाज चढला आणि फाटला. "मी तुमच्या घरी जेवायला बसून नळीबद्दल सांगितलं! पाच-पाच मीटर म्हणाले मी! तुम्ही समोर बसला होतात!"

"व्हय." माझ्या तोंडून लहानपणचं 'व्हय' आलं.

"सहा दिवस मी माझ्या यंत्राला शिव्या घालतेय. यंत्राला नाही, स्वतःला. आणि तुम्ही त्यावर पडवी बांधत होतात?"

 त्या उठून बाहेर गेल्या.

सरांनी नळी बाजूला सारली. मग म्हणाले, "निळी वही घ्या. आजची तारीख घाला. मागची तारीख घालायची नाही, 'बदल नाही' खोडायचं नाही. खाली लिहा, काय केलं, कधी केलं, कधी सांगितलं." मी उभ्यानंच लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण आलं.

"आता माझी अडचण ऐका," सर म्हणाले. "नळीमुळे फरक पडला असेल हे पटतं. ओझोनचा हिशेब घालून मी आकडे दुरुस्तही करू शकतो. पण समिती म्हणेल, यंत्र वाईट होतं, त्याला सोयीचं कारण शोधलंत. नळी दोषी की यंत्र, हे कसं दाखवू? उड्डाण एकच उरलंय."

मला वाटलं गप्प बसावं. मी आता बोलायच्या लायकीचा उरलो नव्हतो. पण असला दोष शोधणं तर माझं मागावरचं रोजचंच होतं.

"सर, मागावर कापडात सारखा एकच दोष यायला लागला की माग खोलत नाहीत. धोटा, म्हणजे आडवा धागा नेतो तो, काढायचा आणि शेजारच्या मागावर लावायचा, त्याचा इकडे. दोष धोट्याबरोबर गेला तर धोटा वाईट. जागच्या जागी राहिला तर माग. यंत्रांची जागा बदला. नळ्यांना हात लावू नका. अनिमेषचं यंत्र चोचीखाली, आखूड नळीवर. बाईंचं शेपटाकडे, लांब नळीवर."

 सर अनिमेषकडे वळले. "तुझ्या यंत्राचा आकडा जास्त आला तर तेही नोंदीत जाईल. परदेशी यंत्र, दहा टक्के चुकलं. नाही म्हणायचा तुला हक्क आहे."

अनिमेषनं कान खाजवला. "सर, इतके दिवस सगळे तिच्याकडे बघत होते. मीही बघितलं. आता थोडं माझ्याकडे बघू दे." मग मला म्हणाला, "अण्णा, एक शेपूट तुम्ही कापलंतच आहे. दुसऱ्याला हात लावू नका म्हणजे झालं."

बाहेर आल्यावर त्यानंच हळूच सांगितलं. मी आत शिरलो तेव्हा बाई लॅपटॉपवर जे लिहीत होत्या ते माघारीचं पत्र होतं. दोन ओळी राहिल्या होत्या.

मी फाटकापर्यंत चालत गेलो आणि रावजीच्या बाकड्यावर बसलो. त्यानं न विचारता चहा दिला. 

४ फेब्रुवारी, बुधवार

सरांनी समितीला दोन दिवस थांबायला सांगितलं. मला विमानाला हात लावायला मनाई. बरोबर आहे.

तपासनिसांनी पत्रा उघडला. यंत्रांची अदलाबदल बाई आणि अनिमेष दोघांनीच केली, तपासनीस उभे राहिले. मी विमानाभोवतीच्या पिवळ्या रेघेच्या बाहेर, हात पाठीमागे बांधून. चौकट तिरपी चढत होती, मला राहवलं नाही. ओरडलो, "उजवीकडचा बोल्ट आधी धरा!"

"तुम्ही बोलू नका!" बाई आतून ओरडल्या.

पण धरला उजवीकडचाच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी दोनला विमान उडालं. पुन्हा श्रीपूर, करकंब, तोच रस्ता. सकाळपासून तिकडे फडांत पाचट पेटलेलं, आकाश धुरकट.

साडेचारला उतरलं. दोघांनी पाकिटं दिली. सरांनी यावेळी सगळ्यांसमोर फोडली, माझ्यादेखत. दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. बोट लावून एकेक ओळ वाचत गेले. मला आकडे कळत नव्हते, मी सरांचा श्वास ऐकत होतो. तिसऱ्या ओळीला तो लांबला.

"अनिमेष, नऊ टक्के जास्त. भार्गवी, चार उड्डाणं अनिमेष जिथं होता बरोबर तिथं." चष्मा काढला. "फरक नळीबरोबर राहिला, यंत्राबरोबर गेला नाही. ओझोनचा हिशेब घातला की दोन्ही यंत्रं दीड टक्क्यात. भार्गवी, एप्रिलमध्ये तुझी जागा पक्की."

अनिमेषनं टाळी वाजवली. "अभिनंदन. आणि धुराची रेघ आज माझी आधी उडाली. नाक माझ्याही यंत्राला आहे म्हणायचं!"

बाई खुर्चीत बसल्या, दोन्ही हात तोंडावर. मी बाहेर पडलो. तिथं थांबायचा माझा हक्क नव्हता, आणि डोळे पुसायला रुमाल गाडीत होता.

सर मागून आले. म्हणाले, "एप्रिलचं विमानातलं काम दुसऱ्या कंपनीला द्यावं लागेल. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"पंपांची दुरुस्ती मात्र तुमच्याकडेच राहील. वर्कशॉपमध्ये."

रात्री जेवताना दाक्षायणीला सगळं सांगितलं, एप्रिलचं पण, जे मिळालं नाही ते. ती म्हणाली, "मिळालं नाय ते सांगताय. मिळेल म्हणून कदी सांगितलं व्हतं?"

११ फेब्रुवारी, बुधवार

उद्या विमान परत जाणार. उतरवलेले पंप आणायला गेलो होतो, पिवळ्या रेघेच्या बाहेरच्या बाहेर.

बाईंनी हाक मारली. तीन तारखेनंतरची पहिली. ऑफिसात एकट्याच होत्या, अहवाल लिहीत होत्या. "बसा. एक वाचून दाखवायचंय. इंग्रजीत आहे, मराठीत सांगते."

वाचलं. पहिल्या चार उड्डाणांत एका यंत्राची नळी जमिनीवरच्या कर्मचाऱ्याकडून आखूड झाली. ते कळल्यावर यंत्रांच्या जागा बदलून एक उड्डाण केलं, ही पद्धत सोलापूरच्या चन्नवीर यांनी सुचवली. पुढे आकडे.

"एवढंच," म्हणाल्या. "तुमचं नाव घालू का, हे विचारायला बोलावलं."

छापलेल्या, शास्त्राच्या कागदात नाव. क्षणभर फुगलो, खोटं कशाला लिहू. मग ती दोन वाक्यं पुन्हा कानात फिरली.

"बाई, वरच्या वाक्यात कर्मचारी आहे आणि खालच्यात चन्नवीर आहे."

"हो. मुद्दामच. वरती नाव द्यायची गरज नसते."

"ते दोघं वेगळे नाहीत की. दोन्हीकडे घाला, नाहीतर दोन्हीकडे कर्मचारी लिहा."

 त्या वरच्या ओळीत गेल्या, टाइप केलं, आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. इंग्रजी अक्षरं मला लावून लावून वाचता येतात. वर चन्नवीर, खाली चन्नवीर.

"माझा राग गेलेला नाही, अण्णा."

"एवढ्यात जाऊही नये."

"एप्रिलमध्ये येईन तेव्हा बघू."

"या. जेवायलाच या."

"येईन," म्हणाल्या, आणि पुढच्या ओळीवर वळल्या.